दसऱ्यानंतरचं पुणे : दख्खनी लोकर आणि झाडपाल्याचे रंग

शनिवार, मार्केट यार्ड

दसरा होऊन गेला की मार्केट यार्डातल्या फुलबाजारात झेंडूला कुणी विचारत नाही. चार दिवसांपूर्वी ज्याच्यासाठी घासाघीस चालली होती, तोच झेंडू पोत्यांतून भिंतीला टेकून पडलेला असतो आणि खालचा थर काळा पडायला लागलेला असतो. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्यात उतरले ती पिशवी खांद्याला लावून सरळ इथंच आले. ताईंनी फोनवर बजावलं होतं, "आधी फुलं बघू, मग घरी जाऊ. फुलं थांबत नाहीत."

ताई भूगावच्या पुढं, मुळशी रस्त्याला एका जुन्या शेडमध्ये झाडपाल्याच्या रंगांचं काम करतात. आमची ओळख सोलापूरची. चादरीच्या मागांवरचं सूत बघायला त्या आल्या होत्या आणि जाताना मला म्हणाल्या होत्या, "पुणे जिल्ह्यातली धनगरांची लोकर उकिरड्यावर जाते आणि आपण ऑस्ट्रेलियाच्या लोकरीचे मफलर घालतो. एकदा येऊन बघ." माझा जन्म सुतात गेलेला. लोकरीशी संबंध घरातल्या एका घोंगडीपुरता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

फुलांच्या व्यापाऱ्याला काय करणार ते सांगितल्यावर त्यानं स्वतः उठून चांगली पोती बाजूला काढली. "भगवा न्या, पिवळा न्या, पण भिजलेला नेऊ नका. घरी पोचेस्तोवर सडंल." पैसे त्यानं जवळजवळ पोत्यांचेच घेतले. संध्याकाळ शेडमध्ये पाकळ्या खुडण्यात गेली. हिरवा देठ ठेवला तर पिवळ्यात हिरवट झाक येते, म्हणून तो टाकायचा. पाकळ्या सावलीत गोणपाटावर पसरायच्या. नीट वाळलेला झेंडू पुढं कित्येक महिने वापरता येतो. बोटं रात्रीपर्यंत पिवळी होती आणि कडवट वास हाताला चिकटून बसला होता.

रविवार, भूगाव

सकाळी ताईंनी लोकरीच्या लडी समोर मांडल्या. एक पांढरी, म्हणजे दुधावरच्या सायीच्या रंगाची. एक करडी. आणि एक काळी, जी उन्हात धरली की गडद तपकिरी दिसते. दख्खनच्या पठारावरच्या मेंढीची लोकर बहुतेक अशीच, काळी किंवा मिश्र. पांढरी कमी मिळते.

सुताला झाडपाल्याचा रंग द्यायचा तर नुसती तुरटी लावून भागत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवावं लागतं, हिरड्यातलं टॅनिन धाग्यावर बसतं आणि त्यावर तुरटी धरते. हे मला माहीत होतं. लोकरीला हिरड्याची पायरी लागत नाही, हे इथं हातानं केलं तेव्हा पटलं. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसा-नखांत असतं तेच प्रथिन. तुरटीतलं ॲल्युमिनियम त्यात आपसूक धरलं जातं. एका अंगानं ते धाग्याला पकडतं आणि दुसऱ्या अंगानं रंगाला. ताई लडी कोरड्या असतानाच तोलतात आणि त्या वजनाच्या १५ टक्के तुरटी घेतात. अंदाजपंचे काही नाही. वही उघडी, तराजू शेजारी.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाणी तापवण्यात. लड गार पाण्यात भिजवूनच पातेल्यात सोडायची आणि आच हळूहळू वाढवायची. घाई करून गरम पाण्यात टाकली किंवा गरम असताना ढवळत बसलं, की लोकर आटली म्हणून समजा. लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे न विणता दाबून-चोळून केलेलं लोकरीचं जाड कापड, याच गुणावर बनतो. रंगाच्या पातेल्यात मात्र तो नको असतो.

दुपारी झेंडूच्या गाळलेल्या पाण्यात तिन्ही लडी एकदमच सोडल्या. तासाभरानं बाहेर काढल्या तेव्हा पांढरी लड सोनपिवळी झाली होती, बघत राहावी अशी. करडीवर पिवळा बसून शेवाळी रंग आला होता. काळीवर काही म्हणता काही दिसत नव्हतं. मला वाटलं, वाया गेली. ताई म्हणाल्या, "मी काळी रंगवतच नाही. तुला दाखवायला टाकली. जिला देवानं रंगवून पाठवलंय तिच्यावर तुरटी, पाणी आणि जळण कशाला घालायचं?" हे त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. झाडपाल्याच्या रंगातही पाणी लागतं, गॅस लागतो, धुणं लागतं. जी लोकर जन्मतःच काळी आहे तिला काळीच ठेवणं हा सगळ्यात स्वच्छ रंग.

शेडच्या कोपऱ्यात एक झाकलेला माठ आहे. त्यात गंजके खिळे, घोड्याचे जुने नाल, गूळ आणि पाणी. काही आठवडे आंबलं की लोखंड त्यात उतरतं. पिवळी लड या पाण्याच्या चमचाभर मिश्रणातून काढली की डोळ्यांदेखत मेंदीच्या हिरव्याकडं झुकते. "चमचाभर" हा शब्द ताई दरडावून म्हणतात. लोखंड जास्त झालं की लोकर खरखरीत होते आणि वर्षा-दोन वर्षांत तुटायला लागते. क्रोम, कथील असल्या क्षारांनी रंग जास्त खुलतात, पण ताई ते वापरत नाहीत. रंग झाडाचा आणि त्याला धरून ठेवणारा क्षार विषारी, अशा कापडाला नैसर्गिक म्हणून विकणं मलाही फसवणूक वाटते. विकत घेणाऱ्यानं दुकानात एवढं तरी विचारावं, की रंग कशानं पक्का केला?

सोमवार, पेठा

मुक्काम सदाशिव पेठेत आत्याकडं. ती म्हणाली, रंगाचं सामान हवंय तर काष्ठौषधींच्या दुकानात जा. तिथं काउंटरवरच्या गृहस्थांनी मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, मागितल्यावर विचारलं, "काढ्याला का लेपाला?" लोकरीला म्हटल्यावर ते थांबले, आत गेले आणि जाडसर, लाल गाभ्याच्या मुळ्या निवडून घेऊन आले. हिरडा, लोध्र, डाळिंबाची साल, रतनजोत, हळद. ताईंची यादी एकाच दुकानात पुरी झाली.

बुधवार पेठेतून जाताना भाऊ रंगारींच्या वाड्यासमोर थांबले. गणपतीमुळं हे नाव पुण्यात सगळ्यांना ठाऊक. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे हे वैद्य, आणि घराण्याचा पिढीजात धंदा शालूंना रंग देण्याचा, म्हणून रंगारी. हातात मंजिष्ठेची पुडी असताना हे वाचलं आणि लख्ख उजाडलं. वैद्याची आणि रंगाऱ्याची फळी एकच होती. तीच मुळं, त्याच साली. कोणती साल कुठल्या महिन्यात काढायची, किती उकळायची, किती दिवस टिकते, हे ज्ञान एकाच घरात दोन कामांना पुरत होतं. १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किननं डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून जांभळा रंग बनवला, आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीतला लाल रंग आणि आपली नीळ दोन्ही कारखान्यात तयार होऊ लागले. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ या रसायन कंपनीची नीळ बाजारात आली. वैद्याची फळी राहिली, रंगाऱ्याची गेली.

हिरडा मात्र आपल्याच जिल्ह्यातला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात आणि वर्षाच्या कमाईतला मोठा भाग त्यावर असतो. तो बहुतेक औषधाला आणि कातडं कमावायला जातो. रंगकामाला लागणारा त्या मानानं चिमूटभर.

तिथून कसब्यात, तांबट आळीत. घणांचे आवाज आधी ऐकू येतात, आळी नंतर दिसते. ताईंना मंजिष्ठेसाठी मोठं पातेलं हवं होतं. तांब्याच्या भांड्यात रंग उकळला की थोडं तांबं पाण्यात उतरतं आणि छटा बदलते; हिरव्याला ते चालतं, लालाला नको. तांबटकाकांना हे सांगायची गरज पडली नाही. "आतून कल्हई करून देतो, मग तांबं रंगाला शिवायचं नाही," असं त्यांनीच सांगून टाकलं. केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं बघायची होती, पण पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ झाली होती.

मंगळवार, दिवे घाटाच्या पलीकडं

घाट चढून पुरंदरच्या माळावर आलं की हवा कोरडी होते. बाजरी निघालेल्या एका रानात धनगरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरला होता. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं, बाजूला घोडी, कुत्री, झापाखाली कोंबड्या, तीन दगडांची चूल. शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवून घेतली होती. रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या-मुतानं जमिनीला जे मिळतं त्याच्या बदल्यात तो वाड्याला धान्य किंवा पैसे देतो. दिवाळी झाली की हा वाडा घाट उतरून कोकणात जाणार आणि पावसाळ्याच्या आधी पुन्हा माळावर येणार.

वाड्यातल्या मामांनी आमच्यासाठी कातरणीचं काम दाखवायला ठेवलं होतं. मेंढी आडवी पाडली, चारही पाय एकत्र बांधले, मान गुडघ्याखाली हलकेच धरली. कातर दोन पात्यांची, लोखंडी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. पोटाकडून सुरुवात केली. पातं कातडीच्या इतकं जवळून जातं की मी श्वास धरून बसले होते, पण कुठं ओरखडा नाही. लोकर सुटी होऊन न पडता एकसंध गोधडीसारखी उलटत जाते. वरची बाजू धुळकट, काट्याकुसळांची, आणि आतली बाजू काळीभोर, तेलकट, चमकदार. मी हात घातला तर तळव्याला मेणचटपणा लागला. हे लॅनोलिन. पाऊस मेंढीच्या अंगावरून निथळतो तो यामुळं. कातरून झाल्यावर पाय सोडले तशी मेंढी उठली, अंग झाडलं आणि कळपात घुसली, आता निम्म्या अंगाची दिसत होती.

एका मेंढीमागं वर्षाला अर्धा-पाऊण किलो लोकर. मामा म्हणाले, "आवं ताई, कातरणाऱ्याची मजुरी बी निघत न्हाई हितनं. पयलं घोंगडी इणणारा सनगर दारात यायचा, लोकर तोलून न्यायचा, वर घोंगडी द्यायचा. आता फुकट देतो म्हणलं तरी कोण नेत न्हाई. न कातरावं तर उवा पडत्यात, जनावर कावतं. मग कातरायची आन् वढ्याच्या कडंला टाकायची." ओढ्याच्या कडेला गेलो तर खरंच होतं. बाभळीच्या बुंध्याशी लोकरीचा ढीग, पावसानं चिकटलेला, वरून गवत उगवलेलं.

मला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. मामांचं चुकत नाही. त्यांचं पोट कोकरावर चालतं, लोकरीवर नाही. म्हणून कळपात माडग्याळचा मेंढा आला. जतच्या बाजूची ही जात उंच, मांसाला भारी, अंगावर लोकर नावाला. पुढच्या पिढीची कोकरं वजनाला चांगली, पण लोकर विरळ आणि केसाळ. मामी मात्र म्हणाल्या, "काळं मेंढरू थंडीवाऱ्याला टिकतं वो. ह्ये पांढरं-तांबडं लगी आजारी पडतं." फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोल जातीतलं जुळ्यांचं जनुक आणून नारी सुवर्णा तयार केली, ती याच पेचातून काढलेली एक वाट. कोकरं वाढली तर पठाराची मेंढी सोडून द्यायची गरज उरत नाही.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात २५ लाखांहून जास्त मेंढ्या मोजल्या गेल्या. राज्याच्या मेंढी-शेळी महामंडळाचं मुख्यालय पुण्यात गोखलेनगरला आहे. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, तेव्हा लाखो लोक हात जोडतात. त्याच मेंढीची लोकर ओढ्याकाठी कुजते. जेवायला बसलो, बाजरीची भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, तेव्हाही माझ्या डोळ्यापुढून तो ढीग हलत नव्हता.

बुधवार, सासवड

सासवडला लेकीकडं येऊन राहिलेले एक सनगर आजोबा भेटले. मूळचे म्हसवडच्या बाजूचे. लेकीच्या पडवीत त्यांनी खड्डा खणून माग बसवलाय. पाय खड्ड्यात पायट्यांवर आणि कापड कमरेच्या उंचीला. मी हातमागांत वाढलेली, तरी हा माग बघून थबकले. सोलापूरच्या मागाला चौकट असते, याला जमीनच चौकट.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवलेली, कोमट असताना कुंच्यानं ताण्यावर ओढायची आणि उन्हात सुकवायची. लोकरीचे केस उभे राहिलेले असतात ते खळीनं बसतात आणि धागा मागाच्या वयीतून (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांतून) जाताना तुटत नाही. विणून झाल्यावर धुतलं की खळ निघून जाते. नव्या घोंगडीला जो ताठपणा आणि वास असतो तो पुष्कळसा या खळीचा.

आम्ही नेलेल्या झेंडूच्या लडीकडं आजोबांनी नुसतं पाहिलं नाही. अंगठा जिभेला लावून ओला केला, धागा दोन बोटांत धरून जोरात चोळला आणि अंगठा उजेडात नेऊन बघितला. रंग उतरला नव्हता. मग धाग्याचा पीळ उलटा फिरवून आतला भाग पाहिला, रंग गाभ्यापर्यंत गेलाय का ते. तेवढं झाल्यावर म्हणाले, "काठाला चालंल. सगळी घोंगडी पिवळी नको. काळ्यात पिवळा काठ, लांबनं वळखू येतंय."

लोकर अंगाला टोचते, लोक घेत नाहीत, असं मी म्हटलं. त्यावर ते जरा चिडलेच. "उघड्या अंगावर घ्यायला सांगितलंय कुणी? सदऱ्यावरनं घ्यायची. पावसात खोळ करून डोक्यावरनं घ्यायची. खाली हातरायची. तिचं काम ती करती." मला वाटतं सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा केस २० मायक्रॉनच्या आसपास, दख्खनी मेंढीचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जाड. गळ्याभोवती गुंडाळायला ती कधीच मेरिनो होणार नाही, आणि तिला मेरिनो करायच्या नादात आपण तिला नापास करत आलो. जाड केसाला जाड काम द्यावं. पायाखालचं, भिंतीवरचं, छपराखालचं, मातीतलं.

अडचण माग नाही, आजोबांच्या मते अडचण सूत आहे. एका घोंगडीला लागणारं सूत रहाटावर कातायला म्हाताऱ्या बायका लागायच्या. त्या गेल्या, सुनांना त्या कामात मजुरी परवडत नाही. लहान कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळाची लोकर, तेवढी मऊ असते. तिची घोंगडी अजूनही लोक मागून घेतात. बाकीच्या लोकरीचं भिजत घोंगडं कातणीपाशी अडलंय.

गुरुवार, कोथरूड आणि परत भूगाव

म्हणून कातणी न लागणाऱ्या कामांकडं आजचा दिवस दिला. लोकर धुवायची, पिंजायची आणि विणण्याऐवजी नमदा करायचा. ताईंच्या शेडमध्ये बांबूच्या चटईवर पिंजलेल्या लोकरीचे थर आडवे-उभे अंथरले, रिठ्याचं कोमट पाणी शिंपडलं, चटई गुंडाळली आणि दोघींनी हातानं, मग पायानं लाटत राहिलो. रविवारी ज्या आटण्याला घाबरत होतो, तेच आज घडवून आणायचं होतं. कोल्हापूरकडं पिंजारी मंडळी याच रीतीनं जेन, म्हणजे नमद्याची बैठक, बनवत आली आहेत. तासाभरात हाताला बोटभर जाडीचा, ओढला तरी न फाटणारा गालिचा लागला. दंड भरून आले.

हा नमदा ताई एका वास्तुविशारदाला देतात. तो सभागृहांच्या भिंतींवर आवाज शोषायला लावतो. लोकरीच्या केसांमध्ये हवा अडकते, त्यात आवाज विरतो आणि उष्णताही अडते. शिवाय लोकर सहजी पेटत नाही; ज्योत बाजूला केली की विझते. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही ती हाताला कोरडी लागते, त्यामुळं खोलीतला दमटपणा सावरते. हे सगळं करायला केस मऊ असावा लागत नाही. काळा असला तर उत्तमच, मळत नाही.

लोकरीच्या की-चेन, बाहुल्या, कानातली मला मनापासून पटत नाहीत. करणाऱ्या बायकांच्या हाताला काम मिळतं हे चांगलं आहे, पण त्यानं ओढ्याकाठचा ढीग हलत नाही. नवा उपयोग सुचला की एकच मोजमाप लावावं, की यात किती पोती खपतील?

त्या मापानं सगळ्यात पुढं जाईल ते कोथरूडच्या एका काकांच्या गच्चीवर पाहिलं. पोटाखालची, लेंड्या चिकटलेली लोकर, जी कातता येत नाही आणि धुवायलाही परवडत नाही, ती त्यांनी कुंड्यांत मातीवर अंथरली आहे. खालची माती ऑक्टोबरच्या उन्हातही ओली होती. लोकर पाणी धरून ठेवते, हळूहळू कुजते आणि तिच्यातला नत्र झाडाला मिळत राहतो. केराटिनमध्ये नत्र १६ टक्क्यांच्या आसपास असतो. काकांनी एक थर उचकटून दाखवला, खाली गांडुळं होती. पुरंदरच्या अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा मला तिथंच आठवल्या. पाण्याची ओढ तिथं, वाडा तिथं, टाकलेली लोकरही तिथंच. झाडाच्या आळ्यात ती घालायला ट्रकसुद्धा लागणार नाही.

शुक्रवार, नीळ

निळीचा माठ शेडच्या मागं, उकिरड्याच्या उबेला पुरलेला. वास सोसवत नाही, पण ताई झाकण काढून आधी वासच घेतात. त्यावरून त्यांना कळतं माठ जागा आहे का. पृष्ठभागावर तांब्याच्या झाकेचा पापुद्रा आणि मधोमध निळा फेस असेल तर काम करता येतं.

तमिळनाडूतून आलेल्या निळीच्या वड्या पाण्यात विरघळत नाहीत. चुना, गूळ आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून माठ आंबवला की जिवाणू त्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, आणि नीळ पिवळट-हिरवी होऊन पाण्यात उतरते. कापसाला चुना थोडा जास्त चालतो. लोकरीला नाही, अल्कली प्रथिनाला खाते. म्हणून लोकरीच्या माठात चुना बेताचा, आणि बाहेर काढल्यावर ताकाच्या निवळीसारख्या आंबट पाण्यातून लड काढायची.

मी करडी लड भिजवून, पिळून, पृष्ठभाग न हलवता खाली सोडली. हात कोपरापर्यंत आत. हवेचा बुडबुडा आत गेला तर तेवढी नीळ वाया, म्हणून लड पाण्याखालीच सावकाश फिरवायची. दोन-तीन मिनिटांनी अलगद वर घेतली तेव्हा ती पोपटी होती. मग कडेनं निळसर रेषा उमटल्या, पीळ उलगडत गेले तसा पोपटी आत आत सरकला आणि सगळी लड निळी झाली. कितीही पुस्तकांत वाचलेलं असू दे, स्वतःच्या हातात हे होताना अंगावर काटा येतो. पुन्हा बुडव, पुन्हा हवा दे. प्रत्येक बुडवणीला रंग चढत जातो. पांढऱ्या लडीवर निळा उजळ आला, करडीवर मात्र पावसाळी ढगाचा गंभीर निळा. मला करडीच आवडली, ताईंनाही. शेवाळी, वाइनच्या वळणाची मंजिष्ठा आणि हा निळा, करड्या लोकरीवरचे हे रंग कुठल्याच पाकिटातल्या रंगानं येणार नाहीत, कारण खालचा करडा मेंढीचा आहे.

शनिवार, पुन्हा घाटावर

परतीच्या दिवशी ताईंनी टेम्पो केला आणि रंगवलेल्या लडी घेऊन मामांकडं गेलो. मामींनी निळी लड आपल्या हातावर ठेवून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ही आमच्या मेंढराची?"

मग व्यवहाराचं बोलणं झालं. वाडा दिवाळीनंतर हलणार, तेव्हा लोकर मामांच्या गावातल्या भावाच्या घरी साठवायची. पांढरी, करडी, काळी वेगळ्या पोत्यांत. पोटाखालची खराब लोकर चौथ्या पोत्यात, ती अंजिराच्या बागेला. निवडलेल्या लोकरीला कातरणाऱ्याची मजुरी निघून वर काही उरेल असा दर ताईंनी सांगितला. मामांनी तो लगेच मान्य केला नाही. निवडायचं काम बायका करणार, त्याचे पैसे वेगळे धरा, असं मामी मधेच म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. दर वाढला. ताणकाट्याला पहिली पोती लावली, आकडा ताईंनी वहीत लिहिला आणि मामांनी तो आपल्या मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

माझ्या वाटणीचं काम सोलापुरात आहे. तिथं हातमाग धूळ खात पडलेत. सुती ताणा आणि दख्खनी लोकरीचा जाड बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून सतरंजी विणता येईल, असं आजोबांच्या मागापाशी बसल्यापासून डोक्यात होतं. बाणा सैल पिळाचा चालतो, त्यामुळं कातणीचं कामही निम्म्यावर येईल. नमुन्यापुरती करडी आणि काळी लोकर मी मागून घेतली. हडपसरला एसटीत पोतं टपावर चढवताना कंडक्टरनं "काय आहे?" विचारलं. लोकर म्हटल्यावर म्हणाला, "आमच्या गावाकडं ढिगानं पडलीय, पायजे का?" करमाळ्याच्या पुढचं त्याचं गाव. नंबर घेऊन ठेवला आहे.